मिस्तरीचा फुगा उडेल का? ('अवतार' फॅनफिकसाठी मदत हवी)

भिंगरी
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही कार्टून मालिका इथे किती जणांनी पाहिलीय ठाऊक नाही. २००५ ते २००८, तीन सीझन, ६१ भाग. माझं अर्धं कॉलेज तिच्यावर गेलं. पहिल्या सीझनच्या १७व्या भागात उत्तरेच्या डोंगरावरचं एक जुनं देऊळ आहे. पुरात गाव वाहून गेलेली माणसं तिथे येऊन राहिलीयत. त्यांचा म्होरक्या म्हणजे 'मेकॅनिस्ट'. मी त्याला मिस्तरी म्हणते. पुरात त्याची बायको गेली, मुलगा तिओ जायबंदी झाला. बापाने त्याच्या चाकाच्या खुर्चीला पंख लावून दिलेत. पोरगं मजेत दरीवर तरंगत असतं. आणि हाच बाप गुपचूप शत्रूला, फायर नेशनला, शस्त्रं बनवून देतो. त्यातलंच एक म्हणजे गरम हवेचा फुगा.

मी यांची पुराच्या आधीची गोष्ट लिहितेय, मराठीतून. (फॅनफिक म्हणजे आवडत्या मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेली गोष्ट.) मिस्तरीण जिवंत आहे (मालिकेत तिचा जेमतेम उल्लेख आहे, त्यामुळे मला मोकळं रान). दोघं मिळून रेशमाचा तीन मीटर रुंद फुगा शिवतात आणि त्यात बसून नदीवरून जातात. माझे प्रश्न दोनच. हा फुगा उडेल का? आणि अगदी पहिल्यांदा ज्यांनी फुगे उडवले त्यांनी ते कसे बनवले होते? लेखात तारखा-आकडे भरपूर सापडतात, पण माणसांनी हाताने काय केलं ते सापडत नाही.

मापटं
मालिका पाहिलेली नाही. फुग्यापुरतं सांगतो.

२० अंशांना एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो. तीच १०० अंशांपर्यंत तापवली की ०.९५. फरक पाव किलो. म्हणजे फुग्यातला एकेक घनमीटर पाव किलो उचलणार, आणि त्यात कापड, दोर, टोपली, शेगडी सगळं आलं. तुमच्या तीन मीटरच्या फुग्यात मावते १४ घनमीटर हवा. १४ पाव म्हणजे साडेतीन किलो. त्यातून रेशमाचंच वजन दीड-दोन किलो वजा करा. एखादं मांजर जाईल, तेही दूध न पिता.

दोन माणसं १३० किलो, बाकी सरंजाम १५० किलो धरला तर ११०० घनमीटर लागतात. व्यास १३ मीटर. म्हणजे चार मजली इमारतीएवढा फुगा. तो घरात शिवून होत नाही.

चहाटळ
मग मांजरालाच पाठवा की. मिस्तरीचं मांजर. टीआरपी वाढेल.

सोनटक्का
@चहाटळ, पाठवलं होतं! १५ सप्टेंबर १७८४ला लुनार्डी नावाचा इटालियन लंडनहून उडाला, तेव्हा सोबत कुत्रा, कबूतर आणि मांजर होतं. मांजर थंडीने इतकं गारठलं की वाटेत खाली उतरून त्याला सोडून दिलं आणि हा पुढे गेला. अर्थात त्याचा फुगा हायड्रोजनचा.

भिंगरी, मी फ्रान्समध्ये लिऑंला राहते, आनोने इथून तास-सव्वा तासावर. गरम हवेचा पहिला फुगा उडवणाऱ्या मोंगोल्फिए बंधूंचं गाव. दर जूनमध्ये तिथे लोक जुने कपडे घालून पहिलं उड्डाण पुन्हा करून दाखवतात. सविस्तर लिहिते रात्री, आत्ता लेकाला आणायला जायचंय.

कॅनन_कोतवाल
फुगा उडेल की नाही हा नंतरचा प्रश्न. आधी कॅनन सांभाळा, म्हणजे मूळ मालिकेत जे घडलंय ते.

मालिकेत मिस्तरीची अडचण काय आहे? फुगा वर जातो, पण त्याला आवरता येत नाही. मग सॉका, नायकाचा सोबती, सुचवतो की माथ्यावर झाकण बसवा: झाकण उघडलं की गरम हवा निघून जाते आणि फुगा खाली येतो. त्या पोराच्या डोक्याला मिळालेली ही पहिली मोठी शाबासकी. तुमचं जोडपं पुराआधीच नदी ओलांडून सुखरूप उतरलं, तर सॉकाने नवीन काय केलं? एयू (मूळ कथेपेक्षा वेगळं, पर्यायी विश्व) लिहायचं असेल तर वर तशी पाटी लावा, मग मी गप्प.

निवृत्त_नाना
मला एक कळत नाही. एवढी चांगली मराठी लिहिता, मग दुसऱ्याची पात्रं उसनी कशाला? स्वतःची निर्माण करा. हे म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात रांगोळी काढल्यासारखं. राग मानू नये, वयाने मोठा आहे म्हणून बोललो.

चहाटळ
*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे*

तिसरी_घंटा
नाना, मोरोपंतांनी १०८ रामायणं लिहिली. पात्रं वाल्मीकींचीच. त्यातल्या निरोष्ठ रामायणात तर प, फ, ब, भ, म यायचंच नाही अशी अट घालून घेतली. आता 'राम' न म्हणता अख्खं रामायण सांगून दाखवायचं! याला फॅनगिरी नाही तर काय म्हणायचं? बारामतीत त्यांना कुणी विचारलं नसेल का, की पंत, स्वतःचं काहीतरी लिहा म्हणून?

निवृत्त_नाना
ती भक्ती होती.

तिसरी_घंटा
भिंगरीताईंनी मालिकेवर अर्धं कॉलेज घालवलंय. भक्तीच ती.

निवृत्त_नाना
बरं. वाचतो आहे. पण 'फॅनफिक' शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधा कोणीतरी.

सोनटक्का
आले. चहा घेऊन बसा, लांबणार आहे.

मोंगोल्फिएंचं घराणं कागद बनवणाऱ्यांचं. हे आधी डोक्यात घ्या. मोठा जोझेफ धांदरट, कल्पनांच्या मागे पळणारा. धाकटा एतिएन हिशेबी, कारखाना सांभाळणारा. १७८२च्या नोव्हेंबरात जोझेफ आव्हिन्यॉंला होता. शेकोटीवर वाळत घातलेलं कापड फुगून वर उचललं जातं हे बघून त्याला सुचलं, असं सांगतात. त्याने तलम रेशमाची पेटी करून खाली कागद पेटवला आणि ती छताला जाऊन टेकली. लगेच भावाला पत्र: रेशमी कापड आणि दोर घेऊन ठेव, जगातलं नवल दाखवतो.

पुढचा गमतीचा भाग असा, की फुगा का उडतो हे त्यांना कळलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, धुरात काहीतरी हलकं द्रव्य असतं. म्हणून त्यांची सगळी धडपड जास्तीत जास्त धूर कसा होईल याची. ओलसर गवत आणि लोकर एकत्र जाळायचे. व्हर्सायच्या राजवाड्यातल्या प्रयोगाच्या वेळी तर जुने जोडेही घातले म्हणतात. राजा-राणीसमोर! पुढे जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने लाल तापलेलं लोखंड कागदी फुग्याच्या तोंडात धरून दाखवलं, की धुराचा काही संबंध नाही, उष्णता पुरते.

४ जून १७८३, आनोनेचा चौक. फुगा सुमारे ८०० घनमीटरचा, बाहेरून गोणपाट आणि आतून कागदाचे थर. चार तुकडे, आणि ते जोडायला सुमारे १८०० बटणं. हो, बटणं, आपल्या सदऱ्याला असतात तशी. वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास. दहा मिनिटं हवेत राहून दोनेक किलोमीटरवर उतरला. बटणांच्या फटींतून हवा फुसफुसत बाहेर पडत असणारच. तिथल्या चौकात उभी राहिले की मला तीच आधी आठवतात. कोण बसलं असेल ती लावत? कुणाची बोटं?

मग पॅरिस. २७ ऑगस्टला ज्याक शार्ल या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने लोखंडावर आम्ल ओतून हायड्रोजन केला आणि माणसाविना फुगा सोडला. तो पाऊण तासाने गोनेस गावात पडला. गावकऱ्यांना वाटलं राक्षस आला. दाताळी घेऊन तुटून पडले, चिंध्या केल्या. शेवटी सरकारला जाहीर पत्रक काढावं लागलं, की असलं काही आकाशातून आलं तर घाबरू नका.

१९ सप्टेंबर, व्हर्साय: मेंढी, बदक, कोंबडा. आठ मिनिटं. कोंबड्याचा पंख दुखावलेला निघाला, त्यावरून वरच्या हवेत धोका असतो की काय अशी चर्चा झाली. नंतर कळलं, उडायच्या आधीच मेंढीने त्याला लाथ मारली होती.

२१ नोव्हेंबरला पहिल्यांदा दोन माणसं मोकळी उडाली, पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद. राजाचं म्हणणं होतं फाशीचे कैदी पाठवावेत. पिलात्र म्हणाला, हा मान कैद्यांना कशाला? २५ मिनिटं, साधारण नऊ किलोमीटर. भिंगरी, तुझ्या गोष्टीसाठी खरा खजिना इथे आहे. टोपली नव्हतीच. फुग्याच्या तोंडाभोवती गोल सज्जा होता आणि मध्ये जाळाची शेगडी. तोल राहावा म्हणून दोघांनी समोरासमोरच्या टोकांना उभं राहायचं. मध्ये फुग्याचा गळा, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही, नुसता आवाज. दार्लांद खाली सेन नदी बघत रमला, तर पलीकडून पिलात्र ओरडला की नदीकडे असाच बघत राहिलास तर थोड्या वेळात तिच्यात आंघोळ करशील, जाळ घाल, मित्रा! मग दार्लांदला दिसलं की कापडाला गोल गोल भोकं पडतायत, कडा धुमसतायत. ओला स्पंज घेऊन विझवत बसला. पॅरिसवर, हवेत.

भिंगरी
सोनटक्काताई, दंडवत. ते समोरासमोर उभं राहणं मी घेतलं. बटणंपण घेतली. मी मिस्तरिणीला शिंपीण केली होती, आता तिला कागद बनवणारी करते.

कॅनन_कोतवाल
आणि झाकण?

सोनटक्का
कोतवालसाहेब, झाकणाचं श्रेय शार्लला. १ डिसेंबर १७८३ला तो स्वतः हायड्रोजनच्या फुग्यातून उडाला तेव्हा माथ्यावर दोरीने उघडणारी झडप होती, सोबत वाळूच्या पिशव्या आणि उंची मोजायला वायुभारमापक. दहा दिवसांपूर्वीच्या पिलात्रच्या फुग्याला झडप नव्हती. वर जायचं तर गवत घाला, खाली यायचं तर घालू नका, एवढाच कारभार. म्हणजे मिस्तरी मोंगोल्फिएंचा आणि सॉका शार्लचा.

शार्लचं अजून एक. पहिली फेरी संपवून सोबती उतरला, फुगा हलका झाला आणि शार्ल एकटाच सुमारे तीन हजार मीटर वर गेला. खाली मावळलेला सूर्य त्याला पुन्हा दिसला आणि पुन्हा मावळला. कान भयंकर दुखला. त्यानंतर तो कधीच उडाला नाही.

कॅनन_कोतवाल
हे मात्र छान सांगितलंत. आणि पिलात्रचा तो मोठा फुगा कोणी बनवला होता? भिंतीला चिकटवायच्या कागदाच्या कारखानदाराने ना?

सोनटक्का
हो, रेव्हेयॉं. पॅरिसमधला त्या धंद्यातला मोठा माणूस. निळ्या जमिनीवर सोनेरी नक्षी, राशीचक्र, सूर्याचे चेहरे आणि सोळाव्या लुईची अक्षरं. सहा वर्षांनी, एप्रिल १७८९मध्ये, मजुरीवरून दंगल पेटली आणि लोकांनी त्याचा कारखाना लुटून उद्ध्वस्त केला. राज्यक्रांतीत बास्तीयचा तुरुंग पडला त्याच्या आधी अडीच महिने.

कॅनन_कोतवाल
मिस्तरीच्या फुग्यावरही फायर नेशनचं चिन्ह असतं. म्हणून तर शत्रूचे सैनिक त्याला आपलाच समजून निवांत राहतात आणि वरून बॉम्ब पडतात. फुगा ज्याच्या पैशाने होतो त्याचंच चिन्ह अंगावर.

रात्रपाळी
मला एक शंका. त्या देवळाखाली गॅस झिरपत असतो, गळती वासाने कळावी म्हणून तिथे सडकी अंडी ठेवायचं ठरतं, असं त्याच भागात आहे. मग मिस्तरीने तोच गॅस फुग्यात का भरला नाही? शेगडीची कटकटच गेली.

मापटं
एव्हाना मीही तो भाग पाहिला. प्रश्न चांगला आहे. मिथेन असेल तर घनमीटरमागे अर्धा किलोच्या वर उचल मिळते, गरम हवेच्या दुप्पट. असं लोकांनी केलंही. चार्ल्स ग्रीनने १८२१मध्ये लंडनला दिवाबत्तीच्या कोळसा-गॅसवर फुगा उडवला, आणि पुढे तेच सर्रास झालं, कारण स्वस्त. फक्त मग फुग्याखाली शेगडी पेटवायची नाही. पिलात्र द रोझिए वर हायड्रोजन आणि खाली गरम हवा अशी जोडगोळी करून इंग्लिश खाडी ओलांडायला निघाला, १५ जून १७८५. पलीकडे पोचलाच नाही. तो आणि सोबती रोमॅं दोघेही कोसळून गेले. पहिला उडणारा तो आणि पहिला मरणाराही तोच.

अवांतर: मिथेनला स्वतःचा वास नसतो. म्हणून तर त्यांना सडकी अंडी लागली. घरच्या सिलिंडरला येतो तो वासही मुद्दाम घातलेला असतो.

दुसरं अवांतर: डोंगरावर हवा विरळ म्हणून फुगा उडणार नाही असं वाटलं होतं. गणित केलं. तीन हजार मीटरवर उणे पाच अंश थंडी धरली, तर उचल पुन्हा पाव किलोच येते. विरळ हवेने घालवलं ते थंडीने भरून दिलं. मिस्तरीला जागा बरी सापडली.

दोन_पोरांची_आई
गणितं तुमची, अनुभव माझा. मे महिन्याच्या सुट्टीत पोरांनी डोकं खाल्लं म्हणून पतंगाच्या कागदाचा फुगा केला. बारा पाकळ्या, खळीने चिकटवल्या, व्यास दीड मीटर. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरलं १६० ग्रॅम. गच्चीवर इलेक्ट्रिक शेगडी, तिच्यावर पत्र्याचं धुराडं, वर फुगा धरला. दुपारचे चार. फुगा टम्म फुगला आणि तसाच उभा राहिला, सत्यनारायणाला बसल्यासारखा. धाकटा रडला. मी म्हटलं भोक असेल, चिकटपट्ट्या लावल्या, आणखी जड झाला.

जानेवारीत माळा आवरताना तोच सापडला. सकाळी साडेसहाला, स्वेटर घालून, तीच शेगडी. हातातून सुटला तो थेट पाण्याच्या टाकीवर. अजून तिथेच आहे, सोसायटीच्या सचिवांना सांगू नका.

मापटं
बरोबर आहे. आतली हवा ६० अंश धरा. बाहेर ३८ असेल तर तुमच्या फुग्याची उचल १३० ग्रॅम, आणि वजन १६०. बाहेर १५ असेल तर उचल २९० ग्रॅम. कागद तोच, शेगडी तीच. उचल आतल्या गरमीची नसते, आतल्या-बाहेरच्या फरकाची असते.

कॅनन_कोतवाल
अहो, हेच तर तिसऱ्या सीझनमध्ये आहे! सॉका आणि झुको फुग्यातून उकळत्या तळ्यातल्या तुरुंगाकडे जातात आणि तळ्यावर आले की फुगा खाली यायला लागतो. झुको (हा हातातून आग काढू शकतो) जीव तोडून आग घालतोय, तरी नाही. सॉका सांगतो, बाहेरची हवा आतल्याएवढीच गरम आहे, उडणार कसं? लहानपणी मला ती पळवाट वाटली होती, त्यांना बेटावर अडकवण्यासाठी काढलेली.

दोन_पोरांची_आई
धाकट्याला दाखवते हा भाग. आठ महिने मला दोष देत होता.

निवृत्त_नाना
मुंबईतून विजयपत सिंघानिया गरम हवेच्या फुग्यातून २१ हजार मीटरच्या वर गेले होते, विश्वविक्रम. २६ नोव्हेंबर २००५. तेव्हा पेपरात कात्रण काढून ठेवलं होतं.

कॅनन_कोतवाल
नाना! मिस्तरीचा भाग पहिल्यांदा दाखवला तोही त्याच नोव्हेंबरात.

निवृत्त_नाना
बघतो मग. मालिकेत मारामारी फार नाही ना?

जुन्नरी
कागदाचं निघालंय म्हणून लिहितो. आमच्याकडचा जुन्नरी कागद एके काळी दप्तरांत चालायचा, दौलताबादजवळ कागजीपुरा तर नावातच कागद घेऊन बसलाय. हातकागद नुसता लगदा गाळून वाळवला तर तो टिपकागदासारखा असतो, शाई फुटते. म्हणून त्याला खळ देतात आणि वाळला की गुळगुळीत दगडाने घोटतात. घोटला की बारीक छिद्रं मिटतात, कागद चकाकतो, बोटाने टिचकी मारली तर खडखड वाजतो. फुग्याला असाच कागद हवा. बिनखळीचा कागद हवा धरणार नाही. तुमच्या मिस्तरिणीच्या हातात घोटा द्या. आणि तळव्याला घट्टा पडलेला दाखवा, उजव्या, अंगठ्याच्या खाली. माझ्या आजोबांच्या हाताला होता.

तिसरी_घंटा
फ्रान्सचं सगळं ठीक, पण मालिकेचं जग तर चीन-जपान-तिबेटच्या वळणाचं आहे. चिनी लोक कागदी आकाशदिवे कितीतरी आधीपासून सोडतात. परंपरा त्याचं श्रेय तिसऱ्या शतकातल्या चुगे ल्यांगला देते, म्हणून तो कोंगमिंगचा दिवा. मिस्तरिणीने गावच्या जत्रेला असे दिवे करावेत. आपल्याकडे आकाशकंदील असतो, पण तो बिचारा टांगलेलाच.

भिंगरी
सगळ्यांचे आभार. पहिला मसुदा फाडला. आता दोघं उडत नाहीत, नदीही ओलांडत नाहीत, सॉकाचं झाकण सॉकालाच. पुराआधीचा प्रसंग लिहून झालाय, त्यात ती जत्रेचे दिवे करते आणि एक मोठा फुगा बटणांनी जोडते. तो पलीकडच्या गावात पडतो आणि तिथले लोक त्याला कोयत्यांनी फाडतात. तिची पक्की समजूत आहे की दिवा धुराने उडतो. म्हणून ती नेहमी जाळात ओली लोकर घालते. खालचा तुकडा त्यानंतरचा, देवळातला.

"सॉका शेगडीत कोळसा लोटत होता. मिस्तरी पलीकडच्या बाजूला होता, फुग्याच्या गळ्याआड, दिसत नव्हता.
'हा कसला वास?' सॉका ओरडला. 'काहीतरी जळतंय!'
'लोकर आहे.'
'लोकर कशाला? धुराने काही होत नाही, गरम हवा पुरते. तुम्हीच तर सांगितलंत सकाळी.'
पलीकडून उत्तर आलं नाही. मूठभर ओली लोकर पुन्हा जाळात पडली, चरचरली, धूर कडवट होऊन वर गेला. फुगा होता तेवढ्याच वेगाने चढत राहिला."

दोन_पोरांची_आई
अगं.

जुन्नरी
घट्टा कुठाय?

भिंगरी
@जुन्नरी, आधीच्या प्रसंगात आहे. उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या खाली.

कॅनन_कोतवाल
कॅननला कुठेही धक्का नाही. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

मापटं
ओली लोकर घातली की जाळ थोडा मंदावतो. 'तेवढ्याच वेगाने' ऐवजी 'किंचित मंदावला' करा. बाकी चांगलं आहे.